पायरीवरची हळद

इकडं ये गं, जवळ बस. फोनवर तुला रागावता येत न्हाई. मी आवाज चढवला की तू हसती, आणि तू हसली की माझा राग पळून जातो. म्हणून लिहून रागावते. हे वाचताना माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलीस असं समज, आणि मधी मधी मोबाइल बघू नको.

मागच्या उन्हाळ्यात तू दोन दिवसांसाठी आल्तीस. शहरात शिकणारी नात आली म्हणून मी मोठ्या तोऱ्यात तुला हौदावर नेलं. मालकाच्या पाटीवर स्विमिंग पूल असं लिहिलंय, पण आम्ही सगळे हौदच म्हणतो. तू काठावर उभी राहिलीस, ओढणीनं नाक दाबलंस आणि चार बायांसमोर म्हणालीस, "शी आजी! किती क्लोरीन ओततेस गं? नुसत्या वासानं डोळे झोंबले." पायाचा अंगठासुद्धा भिजवला न्हाईस. दुसऱ्या दिवशी भोकरदनहून सकाळची गाडी पकडून गेलीस पण.

तू नाक दाबलंस त्याचं मला काही न्हाई. दाबलंस आणि निघून गेलीस, याचा राग आहे. थांबली असतीस तर तुला कळलं असतं की त्या दिवशी पाण्यात औषध कमी पडलं होतं.

खरंच सांगते. ताजं औषध पाण्यात बराबर असलं तर त्याचा वास नाकाला जेमतेम लागतो, नुकत्याच धुतलेल्या पातळासारखा. घाम, तेल, मळ यांच्याशी भांडून भांडून औषध थकलं, की मंग ते असा उग्र वास सोडतं आणि डोळ्याला झोंबतं. हे मला आता कळतं. तू आल्तीस त्या दिवशी मलाही कळलेलं न्हवतं. मी तुझ्यावरच फुगून बसले होते.

तर पहिल्यापासून सांगते.

राजूरहून भोकरदनकडं येताना, केदारखेड्याच्या अलीकडं, मोसंबीच्या बागेत हा हौद आहे. राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं थांबतात, आसपासच्या गावांतली पोरं येतात. सकाळी मी जाते तेव्हा कुणीच नसतं. पाणी इतकं गप असतं की मोसंबीचं एखादं पान पडलं तरी त्याची गोल गोल लाट काठापर्यंत येऊन माझ्या पायाशी विरते. मी जाळीनं पानं काढते, पण लगेच काढत न्हाई. आधी थोडी बघत बसते. पान पाण्यावर आणि त्याची सावली खाली निळ्या फरशीवर, अशी दोन पानं फिरत असतात, एक दुसऱ्याला कधीच न शिवता.

या हौदात पाणी येतं ते बागेमागच्या जुन्या विहिरीतून. ती विहीर माझ्या लहानपणची आहे. दगडी पायऱ्यांची. माझी आई या मळ्यात कापूस वेचायला यायची आणि मी तिच्यामागं. तहान लागली की आम्ही विहिरीच्या काठापासून लांब उभं राहायचं. पायऱ्या उतरायची आमच्या घरच्यांना मुभा न्हवती. का, ते तुला मी सांगायला नको. मळ्यातलं कुणीतरी पाणी काढायचं आणि वरून आमच्या ओंजळीत धार धरायचं.

त्या साली मळ्यात नवी सून आल्ती, पंधरा वर्षांची असेल. मी सात-आठ वर्षांची. एका भर दुपारी तिनं माझ्या ओंजळीत कळशीची धार धरली, इकडं तिकडं पाहिलं, आणि अख्खी कळशीच माझ्या डोक्यावर कलंडवली. मी ओरडले. ती तोंडात पदर कोंबून हसत होती. आई मला रागावली, तिला तिच्या सासूनं बोल लावला. पण माझ्या अंगावर तेवढं पाणी एकदम कधी पडलंच न्हवतं गं. घरी जाईपर्यंत मी वेणी पिळली न्हाई.

ती नवी सून म्हणजे आजच्या मालकाची आई. तिला सगळे बाई म्हणतात, मीपण बाईच म्हणते. ती मला नुसतं "अगं ए" म्हणते. तिचे केस पिकले, माझेही पिकले, तरी अगं ए.

आता माझ्या हाती हौद कसा आला ते ऐक. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत मी कितीतरी वर्षं औषधाची पावडर कालवून टाकली. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण डब्यावरचं अक्षर अक्षर लावून मी वाचायचे, आणि कळलं न्हाई तर दवाखान्यातल्या सिस्टरला विचारायचे. मालकाचा पहिला माणूस काम सोडून गेला तेव्हा मालक मला म्हणाला, "मावशी, तुला औषधाची भीती न्हाई ना?" मी म्हणाले, "भीती आहे, म्हणून तर नीट टाकते." झालं, त्या दिवसापासून हौद माझा.

इथं पावडर नसते, पातळ औषध असतं. लिक्विड म्हणतात. निळ्या कॅनमधून जालन्याहून येतं. दिसायला ताकाच्या निवळीसारखं, जरा पिवळट, आणि स्वभावानं लई तापट. उन्हात ठेवलं तर आपोआप मरतं, म्हणून कॅन मोटारीच्या खोलीत, अंधारात. ॲसिडची बाटली त्याच्या जवळ फिरकू द्यायची न्हाई; ती दुसऱ्या खोलीत, कुलुपात. दोघं एकत्र आले तर जो वाफारा निघतो तो माणसाची छाती धरतो. हातात रबरी मोजे, नाकातोंडाला फडकं. आधी बादलीत पाणी घ्यायचं, मंग त्यात औषध. आणि टाकायचं ते ऊन उतरल्यावर, पोरं घरी गेली की, कारण ऊन औषध खाऊन टाकतं.

मोटार चालू करून मी काठाकाठानं फिरते आणि बादली तिरपी धरून बारीक धार सोडते. पाणी ती धार गिळत जातं. एक अख्खी फेरी होते तोवर बागेत बगळे उतरतात. माझी सावली लांब होऊन हौदाच्या त्या काठाला टेकते, आणि मला वाटतं मी एवढ्या मोठ्या बाळाला बोंडल्यानं दूध पाजून राह्यले. बाळ हळूहळू पितं आणि गप होतं. सकाळी त्याची नाडी बघायची. म्हणजे काचेची नळी घ्यायची, पाणी भरायचं, तपासणीच्या छोट्या बाटलीतले पाच थेंब टाकायचे. पाणी फिकं पिवळं झालं की औषध जिवंत आहे. पांढरंच राहिलं तर पाणी उघडं आहे, कुणाला उतरू द्यायचं न्हाई.

एक वर्ष मी काठावरूनच सगळं केलं. मंग एकदा मालकाला विचारलं, "मालक, बायांनी कधी पोहायचं?"

"बायांना पोहायचंय?"

"विचारून तर बघा."

त्यानं हसून शुक्रवारी दुपारी दोन ते तीन दिलं, कारण त्या रखरखत्या उन्हात तसंही गिऱ्हाईक नसतं. वर म्हणाला, "पण मावशी, बायांपायी पाणी एकदा जरी बिघडलं, तर तास बंद. मंग माझ्याकडं रडत यायचं न्हाई."

पहिल्या शुक्रवारी चौघी आल्या. मंग सात. मंग मोजणं सोडलं मी. कुणी गाऊन घालून, कुणी लेकीचा पंजाबी ड्रेस घालून, कुणी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून. राजूरकडची एक सासू आणि तिची सून रिक्षात शेजारी बसून भांडत यायच्या आणि पाण्यात एकमेकींचा हात धरून चालायच्या. एकजण होती, ती पाण्यात खांद्यापर्यंत बसायची आणि डोळे मिटायची ते तास संपेपर्यंत. मी विचारलं, झोपली काय गं? तर म्हणाली, "न्हाई मावशी. घरी दर घडीला मला कुणीतरी हाक मारतं. इथं पाण्यात ऐकू येत न्हाई."

आणि मी, बाळा, मी तरंगायला शिकले. साठी उलटल्यावर. उताणी पडायचं, डोकं मागं सोडायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे. मंग जग एकदम लांब जातं. मोटारीची घरघर येते, पण ती कुठल्यातरी दुसऱ्या गावातून आल्यासारखी. आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. वर नुसतं आभाळ, कडेला मोसंबीची शेंड्याची पानं. हात कुठं संपला आणि पाणी कुठं लागलं ते कळत न्हाई. मला दर वेळी वाटायचं की मी त्या विहिरीच्या अगदी तळाशी पडले आहे, आणि वरचं गोल तोंड म्हणजेच हे आभाळ, आणि मला वर ये म्हणणारं कुणी न्हाई.

म्हणून तो तास गेला असता तर माझं काय गेलं असतं, ते तू समजून घे.

बाई दर शुक्रवारी यायची, पण पाण्यात उतरायची न्हाई. काठावर खुर्ची टाकून बसायची, पाय वर घेऊन. आम्ही बोलवायचो, तर म्हणायची, "तुमचं तुम्ही करा कालवा. मला काय धाड भरली?"

मंग वैशाख लागला आणि पाणी बिघडलं. तू आलीस त्याच आठवड्यात. आधी वास आला. मंग पाणी दुधाळ दिसायला लागलं, तळाच्या फरशीच्या रेघा अंधुक झाल्या. मंग तीन-चार पोरांचे डोळे लाल झाले. मालक तणतणत आला. मी नळी घेऊन पुढं झाले. "मालक, बघा ना, पिवळं आहे. रोज पिवळं येतं. औषध बराबर आहे, उलट जरा गडदच दिसलं म्हणून चार दिवस झाले मी कमीच टाकून राह्यले."

"मंग पोरांचे डोळे काय मोसंबी खाऊन लाल झाले?" तो म्हणाला. "मला कळतंय कशानं झालं. शुक्रवारी बाया डोक्याला वाटी वाटी तेल थापून उतरतात. पाण्यावर तवंग दिसतो. मावशी, या शुक्रवारपर्यंत पाणी आरशासारखं झालं तर ठीक. न्हाई तर बायांचा तास बिलकुल बंद. कायमचा."

तो बुधवार होता. त्यानं हौदाला दोरी बांधली आणि गेला.

मी मोटारीच्या खोलीच्या सावलीत बसले. जीव थाऱ्यावर न्हवता. तेलाचं तो म्हणाला ते खरंच होतं, मला माहीत होतं. पण नळी खोटं बोलत न्हाई, आणि नळी म्हणत होती सगळं बराबर आहे. ऊन मी म्हणत होतं. लाईट गेली, मोटार थांबली, सगळं एकदम सुन्न. माझा डोळा लागला की न्हाई मला सांगता येणार न्हाई.

मला सातजणी दिसल्या. विहिरीकडून एकामागं एक आल्या, हिरव्या बांगड्यांच्या, गुडघ्यापर्यंत ओल्या केसांच्या. साती आसरा. पाण्याची राखण करणाऱ्या सात बहिणी, विहिरीत राहतात, असं बाईच्या घरचे मानतात. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, आम्ही हे मानत न्हाई, पण लहानपणी त्या विहिरीपाशी उभी राहिले की मी सातही जणींना भ्यायचे. त्या दिवशी भ्याले न्हाई. मी त्यांना दटावलं, "आधी नळाखाली डोकी धुवा गं, तेल काढा, मंगच पाण्यात." त्या निमूट ओळीनं उभ्या राहिल्या आणि केस धुऊन राह्यल्या. मंग एकेक जण पायऱ्या उतरत गेली, आणि पायरीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटत गेले. पिवळे.

मी दचकून उठले. हौद तसाच होता, दुधाळ आणि गप. पण मी पायरीकडं गेले. वरच्या पायरीवर, जिथं बसून मी रोज नळी भरते, तिथं फरशीच्या सांध्यात पिवळी रेघ होती. बोट फिरवलं, हुंगलं. हळद.

आता माझी चूक ऐक, आणि हसायचं न्हाई. टाकीवर काम करताना मला घाईची सवय लागल्ती: नळीत आधी थेंब टाकून ठेवायचे आणि वरून पाणी घ्यायचं. म्हणजे थेंबांशिवायचं पाणी कसं दिसतं ते मी कधी पाहिलंच न्हवतं. आणि गुडघे दुखतात म्हणून घ्यायचे ते पायरीवरचंच पाणी. त्या दुपारी मी नळी धुतली, थेंब न टाकता पायरीवरचं पाणी भरलं, उजेडात धरलं. पिवळं! मंग खोल बाजूला गेले, काठावर पालथी पडले, कोपरापर्यंत हात घालून पाणी काढलं. पांढरं. पाच थेंब टाकले. पांढरं. हलवलं, थांबले, पुन्हा पाहिलं. पांढरंच.

कितीतरी दिवस मी हळद बघून खूश होत होते गं. पाणी उघडं पडलं होतं आणि मी त्याचं औषध कमी करत होते.

हळद कुणी टाकली हे मला विचारावं लागलं न्हाई. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी जाऊन पायरीजवळ बसले. थोड्या वेळानं बागेतून बाई आली, पदराखाली काहीतरी झाकून. मला पाहून जागीच थांबली.

"तू काय करून राह्यली गं इथं?"

"तुमचीच वाट पाहून राह्यले, बाई. पदराखाली काय आहे?"

"काही न्हाई. तंबाखूची डबी."

"तंबाखूला हळद कधीपासून लावायला लागल्या?"

ती खुर्चीवर न बसता, धपकन माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि पदराखालून हळदीकुंकवाचा करंडा काढून मधी ठेवला.

"त्या आल्या ना गं पाइपातून," ती म्हणाली. "विहिरीचं पाणी उपसून इकडं आणलं तुम्ही. त्या काय तिथं कोरड्यात बसतील? पाण्यासंगं आल्या. आन् तू रोज सांजच्याला त्यांच्या डोळ्यात औषध घालती. मंग म्या सकाळी येऊन हळदीकुंकू वाहते, हात जोडते, बायांनो रागावू नका म्हणते. पोरगं हसतं मला, म्हणून झाकून आणते."

मला हसू आलं न्हाई. मी स्वतः त्यांना आदल्या दुपारी केस धुवायला लावले होते. मी आत जाऊन काचेचा पेला आणला, त्यात पाणी घेतलं, तिच्याच करंड्यातली चिमूटभर हळद टाकली. पिवळंजर्द झालं. मंग मोजे घातले आणि कॅनमधलं थोडं औषध वरून सोडलं.

"बघा बाई."

हळद लाल झाली. पातळावर हळद सांडून साबण लावला की होते ना, तशी. बाईनं तोंडावर हात ठेवला. "अगं माय, हळदीचं कुंकू झालं!" आणि मंग ते कुंकूही आमच्या डोळ्यांसमोर फिकं होत गेलं, केशरी, मंग नुसता पिवळट भास, आणि शेवटी पेल्यात फक्त पाणी उरलं. सूर्य तेवढ्यात वर आला होता. पेल्यातून ऊन पलीकडं फरशीवर पडलं आणि हललं. आम्ही दोघी लहान पोरींसारख्या वाकून बघत होतो.

"औषध जिवंत असलं की हळद टिकत न्हाई," मी म्हणाले. "तुमची हळद पायरीवर टिकली, म्हणजे औषध संपलेलं होतं. आणि मी येडी, तुमच्या हळदीलाच औषध समजले."

"म्हंजी माझ्यामुळं त्या पोरांचे डोळे..."

"माझ्यामुळं. पाणी मी चुकीचं घेतलं. आणि तेल आपल्या सगळ्यांचं."

पेल्याकडं बघतच ती हळूच म्हणाली, "शुक्रवार बंद करीन का गं तो?"

"तुम्हाला काय त्याचं? तुम्ही तर अंगठा बुडवत न्हाई."

"न्हाई बुडवत. खाली त्या असतील, त्यांच्यावर पाय पडंल म्हणून भ्याव वाटतं. पण घरात माझ्यासंगं कोण बोलतं? ज्याच्या त्याच्या हातात फोन. तुम्ही पाण्यात कालवा करता तो म्या ऐकते. माझा बी तास हाय तो."

मालक आला तेव्हा मी ठरवूनच उभी होते. म्हणाले, "मालक, चूक माझी आहे. मी पायरीवरचं पाणी तपासत होते, तिथं हळद होती, मला ती औषध वाटली. पाण्यात औषधच न्हवतं. बाया तेल लावून येतात हे खरं, पण औषध पुरेसं असतं तर ते तेलालाही पुरून उरलं असतं."

"हळद? हौदात हळद कुठून आली?"

मी खाली बघितलं. मला सांगायचं न्हवतं. तोच मागून आवाज आला, "म्या टाकली. माझी व्हती हळद. काय म्हणायचं ते मला म्हण, तिला न्हाई."

मालकानं कपाळाला हात लावला. एकदा आईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "दोघी मिळून माझा हौद बुडवायला निघाल्या होत्या," तो म्हणाला. पण आवाजातली धार गेल्ती. पोरांचे डोळे तोवर निवळले होते, तेही बरं झालं. मंग म्हणाला, "आता काय करायचं ते सांग, मावशी."

मी सांगितलं. आजचा दिवस कुणालाच उतरू द्यायचं न्हाई. गाळणीत उलटं पाणी सोडून ती धुवायची. सांजेला औषध भरपूर द्यायचं आणि मोटार चालू ठेवायची. आणि यापुढं बाई असो की बाप्या, नळाखाली डोकं धुतल्याशिवाय पायरी उतरायची न्हाई. साबण मी ठेवीन.

सांजेला कॅन मालकानंच उचलून आणला. मी फेरी मारत होते आणि बाई खुर्चीवर बसून बघत होती. मधीच ओरडली, "तिकडं कोपऱ्यात बी टाक, तिथं न्हाई पडलं!" जी इतके दिवस माझ्या औषधापायी त्या सातजणींची माफी मागत होती, तीच मला कोपरे दाखवून राह्यली होती. आणि करंड्याचं तिनं स्वतःच ठरवलं. विहिरीच्या वरच्या पायरीवर सात खडे मांडले, तिथं हळदीकुंकू वाहिलं. म्हणाली, "त्यांना म्या सांगितलं, घर सोडून हिंडू नका, तिकडं आता पोरंसोरं असतात."

शुक्रवारी मी खोल बाजूला पालथी पडून पाणी घेतलं. आधी पाणी, मंग थेंब. फिकं पिवळं, हरभऱ्याच्या डाळीच्या धुवणासारखं. मालकाला दाखवलं. तो तळाच्या फरशीकडं बघत होता. रेघ न् रेघ दिसत होती. त्यानं दोरी सोडली.

दोनच्या आधी नळाखाली बायांची रांग लागली. काय कुरकुर! "डोक्याला तेल न्हाई तर उन्हानं भेजा उकळंल की मावशी!" "उकळू दे, एरवी तरी काय कामाचा आहे?" ती राजूरकडची सासू सुनेचं डोकं खसाखसा घासत होती आणि सून म्हणत होती, आत्या, एवढ्या जोरानं तर भांडताना पण ओढत न्हाई. मला मात्र ती रांग पाहून अंगावर काटा आला. मी ती आधी पाहिली होती.

मी पाण्यात उतरले, कमरेइतक्या. वळून पाहते तर वरच्या पायरीवर बाई उभी. केस धुतलेले, मोकळे, पांढरे शुभ्र. मी तिला असं मोकळ्या केसांनी कधी पाहिलं न्हवतं. ती वर, मी खाली पाण्यात. तिनं पाण्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं, आणि विचारलं, "उतरू का गं?"

मला, बाळा. मला विचारलं तिनं.

मी हात पुढं केला. "या. खाली फरशी आहे फक्त, मी रोज बघते."

तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. एक पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर ती बसली. पाणी तिच्या छातीला लागलं तसा तिनं मोठा श्वास घेतला आणि सोडलाच न्हाई कितीतरी वेळ. पाणी आम्हा दोघींच्या मधी हलत होतं आणि उन्हाच्या जाळ्या तिच्या अंगावरून माझ्या अंगावर, माझ्या अंगावरून तिच्या अंगावर सरकत होत्या. मंग तिनं ओंजळ भरली, इकडं तिकडं पाहिलं, आणि माझ्या डोक्यावर ओतली.

मी ओरडले. ती तोंडात पदर कोंबून हसली.

तर अशी गोष्ट आहे. आता पुन्हा उन्हाळा आला, हौद भरला. बाई दर शुक्रवारी तिसऱ्या पायरीवर असते आणि दर शुक्रवारी विचारते, "तुझी ती नाक दाबणारी नात कधी येणार?" मी तिला सांगते, अभ्यास आहे, परीक्षा आहे. ती म्हणते, परीक्षेला काय पाणी लागत न्हाई का?

तू ये. शुक्रवार धरून ये, एक जादा ड्रेस घेऊन ये, आणि डोक्याला तेल लावू नको; लावलंच तर साबण आहे. मी तुला नळी दाखवीन, कुठलं पाणी घ्यायचं ते दाखवीन. मंग तू माझ्या हातावर उताणी पड, कान पाण्यात सोड. मी मानेखाली हात धरीन, आणि तू सोड म्हणेपर्यंत सोडणार न्हाई. जल्दी ये गं. मोसंबीचा बहार अजून आहे, तोवर ये.